चिप्सच्या बटाट्याचा करार करावा का?

प्रश्न: सातगाव पठारावर आमची दोन एकर जमीन आहे. कंपनीचा माणूस बेणं (लागवडीचे बटाटे) उधार देतो म्हणतोय, भाव लागवडीआधीच ठरवून. खुल्या बाजारापेक्षा खरंच फायदा होतो का?

उत्तर १: दादा, आम्ही पेठजवळ करतो. खरा फायदा बेण्याचा. एकरी सात-आठ क्विंटल लागतं, सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि तो रोख उभा करावा लागत नाही. मंचरला आवक वाढून भाव कोसळला की ठरलेला दर घर सावरतो. (बाजार चढला की जीव जळतो, पण दिलेला शब्द पाळायचा.) प्रतवारी मात्र कडक. बटाट्यात साखर जास्त असली की चिप्स तळताना काळपट होतात. हिरवे, बारीक, कुदळीने कापलेले बाजूला काढतात. सरीला मातीची भर नीट लावा, उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो.

उत्तर २: करार मराठीत, लेखी घ्या. वजन कुठे होणार, नाकारलेला माल कोणाचा, पैसे किती दिवसांत, हे त्यात हवंच.

प्रश्नकर्ता: पावसाने पीक गेलं तर बेण्याचे पैसे?

उत्तर १: आमच्याकडे पुढच्या हंगामाच्या बिलातून कापतात. म्हणून पहिल्या वर्षी एकच एकर द्या.