परक्या विचारांचे कौतुक आणि देशाशी बेइमानी

प्रश्न

आमच्या अभ्यासमंडळात मागच्या आठवड्यात मी स्वीडनच्या १७६६ च्या कायद्यावर टिपण वाचले. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला इतक्या लवकर देणाऱ्या त्या देशाचे कौतुक वाटते, असे मी म्हणालो, तोच समोर बसलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी वही मिटली आणि "इतके प्रेम असेल तर तिथेच जाऊन राहा," असे सुनावले. हशा पिकला आणि मी टिपण अर्धवट टाकून खाली बसलो. परक्या विचाराचे कौतुक कोठे संपते आणि देशाशी बेइमानी कोठे सुरू होते?

प्रतिसाद १

कायद्याच्या अंगाने पाहिले तर कृतीपाशी. इंग्लंडच्या १३५१ च्या कायद्यात राजाच्या मृत्यूचे चिंतन करणे हाही राजद्रोहाचा एक प्रकार होता. अमेरिकेच्या घटनाकारांनी तो जाणूनबुजून वगळला आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूला सामील होऊन त्याला साहाय्य करणे, एवढ्यापुरतीच देशद्रोहाची व्याख्या आवळून धरली. शिवाय एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार किंवा भर न्यायालयातली कबुली असल्याशिवाय दोषी ठरवता येणार नाही, अशी अटही घातली. मनातल्या आवडीनिवडींना तिथे जागाच नाही.

प्रतिसाद २

कायदा बरोबर सांगितलात, पण त्या ज्येष्ठांनी काही खटला भरलेला नव्हता. त्यांना झोंबले ते निराळेच. कौतुकात तुलना दडलेली असते. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने आपल्या एका पुस्तकात इंग्लंडमधल्या धार्मिक सहिष्णुतेची आणि न्यूटनची वाखाणणी केली, तेव्हा ते सरळ सरळ 'लेकी बोले सुने लागे' होते, आणि सुनेला ते बरोबर लागले: १७३४ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाने ते पुस्तक जाळण्याचा हुकूम दिला. तरीही ते लिहिले होते फ्रेंच वाचकासाठी, फ्रान्स सुधारावा म्हणून. जपानच्या सम्राटाने तर १८६८ च्या शपथेत जगभरातून ज्ञान मिळवून राज्याचा पाया बळकट करण्याचे वचन दिले. त्याला कोण बेइमान म्हणेल? म्हणून कौतुक कोणाच्या भल्यासाठी चालले आहे, हे मी आधी पाहतो. आपले ते सारे टाकाऊ असे उठता-बसता म्हणणारेही असतात, पण तो न्यूनगंड झाला, द्रोह नव्हे.

प्रतिसाद ३

उलट बाजूही पाहा. परक्यांचा एक शब्दही न वाचलेला मनुष्य पैशासाठी गुपिते विकू शकतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पुढच्या बैठकीत टिपण पूर्ण वाचण्याची परवानगी मागणार आहे, कारण न वाचलेला अर्धा भाग, १७७२ मध्ये राजा तिसऱ्या गुस्तावने सत्ता बळकावल्यावर त्याच स्वीडनमध्ये त्या स्वातंत्र्याला कशी कात्री लागली, याविषयीचाच आहे.