काटा ८० वरच अडकलाय : सोसायटी ग्रुपवर सायकलवाल्यांची चर्चा

बी ३०२ : मंडळी जरा सल्ला पाहिजे होता. पाडव्यापासनं सायकल चालवतोय हे तुम्हाला माहीतच आहे, पाच महिन्यात ८८ वरनं ८० किलोवर आलो. पण आता सात आठवडे झाले काटा तिथंच, ७९.६, ८०.१, परत ७९.८. रोज सकाळी रंकाळ्याकडनं फिरून २२ किलोमीटर होतंय, रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा, पावसात पण सोडलं नाही. पंधरा दिवसापासनं रात्रीची भाकरी बंद करून नुसतं ताक पिऊन झोपतोय तरी हलेना. उंची १७२ आहे. घरात म्हणायला लागलेत बास करा आता ती सायकल. काय करू?

सी ४०२ : किलोमीटर वाढवा की दादा. २२ ची शरीराला सवय झाली असणार, ३५ करा रोज, बघा कसं उतरतंय.

ए १०१ काका : ३५ करायला सकाळी ऑफिसच्या आधी वेळ कुठनं आणायचा त्यांनी? आणि रात्री उपाशी झोपून सकाळी ३५? आमच्या लहानपणी तालमीत वस्ताद मेहनत वाढवली की आधी खुराक वाढवायला लावायचे, उपाशी पोराला लाल मातीत उतरूच द्यायचे नाहीत.

डी २०४ : काका बरोबर बोलताय. दादा, भाकरी बंद केली हे वाचून मला माझंच दोन वर्षामागचं आठवलं म्हणून सविस्तर लिहितोय, लांब झालं तर माफ करा. मी ७० किलो होतो, पन्हाळ्याचा चढ लवकर मारायचा म्हणून खाणं तोडत तोडत ६१ वर आलो. पहिले दोन महिने खरंच वेळ सुधारली, वाघबीळपासनं वर उडाल्यासारखा जायचो. मग सकाळी उठवेना, हाताची बोटं गार पडायची, दर पंधरा दिवसाला सर्दी, घरात बारक्या पोरावर उगंच ओरडायचो, आणि त्याच चढाला आधीपेक्षा चार मिनिटं जास्त लागायला लागली. मला वाटलं सराव कमी पडतोय म्हणून अजून चालवायला लागलो, तिथंच चुकलो. शेवटी डॉक्टरांनी दिवसभरात काय काय खाता ते विचारलं आणि म्हणाले एवढ्यात नुसतं खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं पण भागत नाही. आता ६६-६७ वर आहे, आणि ६१ ला होतो त्यापेक्षा आत्ता चढ चांगला जातोय.

डी २०४ : आता तुमचं. ८ किलो उतरलं म्हणजे शरीर बारकं झालं, मग त्याला लागतंय पण कमी. नुसतं बसल्याबसल्याच रोज ८० कॅलरीच्या आसपास कमी जळतात, त्यात चढावर ८ किलोचं ओझं पण नाही राहिलं, म्हणजे पाडव्याला ज्या जेवणावर वजन उतरत होतं तेच जेवण आता बरोबरीला आलंय. वर खाणं एकदम तोडलं की माणूस नकळत हालचाल पण कमी करतो, जिन्याऐवजी लिफ्ट, दुपारी डुलकी, रविवारी घरी आलं की दिवसभर कोचावर. हे मुद्दाम आठवून बघा.

बी ३०२ : हे खरं आहे. हल्ली मी लिफ्टनंच येतोय. दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागतात. पण घड्याळ तर सकाळच्या फेरीचं ९०० कॅलरी दाखवतंय!

डी २०४ : घड्याळावर जाऊ नका. सपाट रस्त्याला तासाला २० च्या वेगानं गेलात तर तुमच्या वजनाला तासात ४०० ते ५०० जातात असं धरा. आणि येताना कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास झाला तर त्यातल्या ३०० तिथंच परत. दूध वाईट नाही हो, मी पण पितो, त्यात प्रोटीन पण आहे, फक्त ते धरून हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, त्यामुळं आठवड्यात ती पाव किलो गेली तरी काट्यावर दिसत नाही, कारण पाण्याचाच एक दीड किलोचा खेळ वरखाली चालू असतोय. रात्री तांबडा रस्सा झाला की मिठानं सकाळी वजन वर. पायाच्या स्नायूत साखरेचा साठा भरला तरी वर, एक ग्रॅम साठ्याबरोबर तीन एक ग्रॅम पाणी धरलं जातंय. म्हणून रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसाच्या आकड्यावर जेवण सोडू नका.

सी ४०२ : म्हणजे मी ३५ सांगितलं ते चुकीचं. खाऊन पिऊन केलं तर चालेल का पण?

डी २०४ : हळूहळू वाढवलं तर चालतंय की, पण दादांना आत्ता त्याची गरज नाही. दोन आठवडे नीट तीन वेळा जेवा, भाकरी सुरू करा. मग रोजच्यातलं थोडंच काढा, अडीचशे तीनशे कॅलरी, म्हणजे संध्याकाळचा फरसाण आणि चहातली साखर, एवढ्यात होतंय. सायकलीवरचं रविवारचं मिसळीचं प्रकरण महिन्यातनं दोनदा ठेवा, बंद नका करू, त्यासाठीच तर निम्मी मंडळी येतात. आणि प्रोटीन बघा. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, त्यांचं साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, वजन उतरवताना व्यायाम करणाऱ्याला १.२ ते १.६ पर्यंत सांगतात, म्हणजे तुम्हाला १०० ग्रॅमच्या आसपास (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरात १८, वाटीभर मटकीच्या उसळीत ७-८. आपल्या ताटात हेच कमी पडतंय, आणि मग चरबीबरोबर स्नायू पण जातो.

ए १०१ काका : आणि जोर बैठका. सायकलीवर सगळा भार सीटवर असतो, हाडाला ताण बसत नाही, हे मला हाडाच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. आठवड्यातनं दोनदा जोर, बैठका, थोडं वजन उचलणं पाहिजेच. मी ६४ व्या वर्षी करतोय. ज्यांना माझ्यासारखी शुगर आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नका, खिशात साखर ठेवा. मागच्या वर्षी केर्लीजवळ मला घाम फुटून हातपाय थरथरायला लागले होते, बरोबरच्या पोरानं ग्लुकोज दिलं म्हणून निभावलं.

ए ४०३ वैनी : ग्रुपवर लिहू का नको असं झालं होतं, पण लिहिते, इथं मुली पण सायकल चालवतात. माझ्या भाचीनं स्पर्धेसाठी वजन कमी केलं आणि तिची पाळी चार महिने बंद झाली. तिच्याबरोबरच्या मुली म्हणायच्या व्यायामानं होतंच असं, उलट बरंच आहे. अजिबात नाही. शरीराला खायला कमी पडतंय याची ती खूण आहे, आणि हाडं आतनं ठिसूळ व्हायला लागतात. ऑलिम्पिक समितीनं २०१४ ला याला वेगळं नाव दिलंय, रेड-एस म्हणतात, पुरुषांना पण होतं. तिनं खाणं वाढवल्यावर सहा महिन्यांनी गाडी रुळावर आली. आयांनो, मुलींना विचारत जा.

डी २०४ : वैनी बरं झालं लिहिलंत. माझं बोटं गार पडणं आणि चिडचिड त्यातलंच होतं, मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही.

बी ३०२ : मग माझं वजन असावं तरी किती? चार्टमध्ये बघितलं तर ६८ येतंय. ६८ किलोचा मी लग्नात होतो.

बी १०४ डॉक्टर : ६८ हा आपल्या लोकांसाठी धरलेला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ चा आकडा. जगात २५ पर्यंत ठीक म्हणतात, भारतीयांना कमी वजनातच पोटाची चरबी आणि शुगर होते म्हणून आपल्याकडं २३ च्या पुढं सावध व्हा म्हणतात. तुमचा आज २७ आहे, पाडव्याला जवळपास ३० होता. पण ६८ गाठायचंच असं डोक्यात घेऊ नका. पुढचा टप्पा ७६ धरा, तिथं तीन महिने राहून बघा. त्यापेक्षा कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत, आणि उंचीच्या निम्म्याच्या आत आली तर फारच छान, तुमच्या बाबतीत ८६. आणि एकदा थायरॉईड, शुगर, बीपी बघून घ्या, झोप किती होते ते पण सांगा.

सी ४०२ : पण टीव्हीवर ते फ्रान्सच्या शर्यतीतले सगळे काडीसारखे असतात की.

डी २०४ : सगळे नसतात भावा. इंदुराईन ८० किलोच्या आसपासचा उंच गडी होता, १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा तीच शर्यत जिंकला. सपाटीला वाऱ्याशी भांडायचं असतंय, तिथं वजनापेक्षा ताकद लागते. आपल्याला काय घाट जिंकायचा नाही, रविवारी वर जाऊन पिठलं भाकरी खाऊन दुपारी घरी सुखरूप यायचंय.

बी ३०२ : आत्ता हिच्या शिवणाच्या टेपनं मोजली. ९४. पाडव्याला नव्या पँटसाठी टेलरनं १०४ घेतली होती, चिठ्ठी सापडली. आणि ही म्हणतेय गणपतीनंतर बेल्टला एक भोक आत पाडून घेतलंय तुम्ही, ते कसं विसरलात. काटा हलत नव्हता म्हणून मी बाकी काही बघतच नव्हतो.

बी १०४ डॉक्टर : दहा सेंटिमीटर! आणि झोप?

बी ३०२ : पाच तास. पावणेपाचला उठतोय ना.

बी १०४ डॉक्टर : मग दहाला झोपा नाहीतर सायकल सहाला काढा. पाच तासावर भूक पण जास्त लागते.

बी ३०२ : सहाला काढतो. आज रात्री भाकरी आणि मटकी. रविवारी कुठं?

ए १०१ काका : पन्हाळा. सव्वासहाला गेटवर, थंडी आहे, हातमोजे आणा. मी माझ्या वेगानं येणार, वाघबीळला थांबा माझ्यासाठी.

डी २०४ : थांबतो काका. केळी मी घेतो सगळ्यांची.