वाळूजच्या कंपनीची ऑफर स्वीकारावी का? कृपया मार्गदर्शन करावे

नमस्कार मंडळी,

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला असून गेली चार वर्षे मी जालन्यातील सळई तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने मला महिना २६,००० रुपयांची ऑफर दिली आहे आणि येत्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे. सळईतून वाहन उद्योगात शिरण्याची अशी संधी लवकर पुन्हा येईल असे वाटत नाही, म्हणून ही नोकरी मला मनापासून हवी आहे. परंतु मुलाखतीच्या दिवशी जे पाहिले ते डोक्यातून जात नाही.

मुलाखतीनंतर मला शॉप फ्लोअरवर तासभर थांबवले होते. तपासणीच्या टेबलावर दोन व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर ही मापे घेण्याची उपकरणे (गेज) होती. सवयीने त्यांवरचे कॅलिब्रेशनचे (उपकरण अचूक मोजते का, याच्या पडताळणीचे) स्टिकर वाचले, तर तिन्हींची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपलेली होती. शेजारी पीडीआय रिपोर्टचा, म्हणजे माल पाठवण्यापूर्वीच्या तपासणीच्या अहवालांचा, गठ्ठा होता. त्यांत पाचही नमुन्यांची मापे भरून झाली होती, खाली सहीची जागा तेवढी मोकळी होती, आणि ज्या लॉटचे ते रिपोर्ट होते तो लॉट अजून मशीनवरून उतरत होता. मी रुजू झालो तर ती मोकळी जागा माझ्या सहीसाठी आहे. उद्या ग्राहकाकडून माल परत आला, तर मापे कोणी भरली हे कोणी विचारणार नाही, सही कोणाची एवढेच पाहिले जाईल. याच जागेवरून वर्षभरात तीन जण सोडून गेले, असे गेटसमोरच्या चहावाल्याने सांगितले.

एचआरच्या अटी अशा आहेत की पदविकेची मूळ प्रमाणपत्रे जमा करायची, सही केलेले दोन कोरे चेक द्यायचे आणि दोन वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास ठरलेली रक्कम भरेन, असा बाँड लिहून द्यायचा. नियुक्तिपत्र मात्र रुजू झाल्यानंतर मिळेल.

पगाराचेही गणित मांडून पाहिले. २६,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला आहे. तो १,८००, माझा १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात २२,२०० येतील. सध्या हातात सोळा हजार येतात, पण मी घरी राहतो, आणि वाळूजच्या बजाजनगरात एका खोलीचे भाडे साडेचार हजार सांगितले आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे वेतन २१,००० च्या वर गेल्यामुळे ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू होणार नाही, आणि आईची किडनीची औषधे व तपासण्या सध्या त्यातूनच होतात. पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव शोधले, तेव्हा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत न होता अनेकदा दोन महिने उशिरा झालेला दिसला. दाखवलेली कामगारसंख्या फक्त ३१ आहे. कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या खात्यावर असतील हे मान्य, तरीही हा आकडा फार कमी वाटतो.

वडील म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको." मित्र म्हणतात, वर्षभर काढ आणि अनुभवाचा दाखला घेऊन बाहेर पड. आपल्यापैकी कोणी अशा अटींवर काम केले असेल, तर कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद :

दादा, मी वाळूजमध्ये बावीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी तपासणीच्याच टेबलावर. बाँडपुरते घाबरू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम सरसकट वसूल होत नाही, वाजवी भरपाईच मिळते. कोरे चेक मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. सही तुमची असली की तो चेक देणे फेडण्यासाठीच दिला असे न्यायालय आधी गृहीत धरते आणि तसे नव्हते हे सिद्ध करणे तुमच्यावर येते. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रती द्या आणि मूळ परत घेऊन घरी या. नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत जालन्याचा राजीनामा देऊ नका. गेजचे कॅलिब्रेशन कधी करून देणार, हे त्यांना ईमेलवर लेखी विचारा. माझ्या मते तुमचा निर्णय त्या एका उत्तरावर ठरवा.

धागाकर्ता :

काका, मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी ईमेल केला. चेक नकोत, असे त्यांनी लगेच मान्य केले. मूळ प्रमाणपत्रांचा आग्रह सोडला नाही, आणि कॅलिब्रेशनबद्दल "रुजू झाल्यावर बघू" एवढेच उत्तर आले. आज सकाळी मी नकार कळवला. शेंद्रा किंवा चिकलठाणा भागात तपासणी विभागात जागा असल्याचे कोणाला समजले, तर कृपया इथेच कळवावे.