मदत हवी आहे: फार्मसी कॉलेजच्या प्राणी नीती समितीवर नेमणूक झाली आहे, सही करण्याआधी काय बघू?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या एका सूतगिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेला माणूस. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. गल्लीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी थोडी धावपळ करतो, तेवढ्यावरून ओळखीच्या एका डॉक्टरांनी नाव सुचवलं आणि आता दिल्लीहून सीसीएसईएचं (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) पत्र आलंय. इथल्या एका फार्मसी कॉलेजच्या संस्थात्मक प्राणी नीती समितीवर 'सामाजिक जाणीव असलेला बिगर-शास्त्रज्ञ सदस्य' म्हणून मला नेमलंय. बायको म्हणाली, जाणीव असेल तर आधी दळण घेऊन या.

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. कॉलेजने फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, पाठवलाय. एम.फार्म.च्या एका मुलीचा प्रकल्प आहे: झाडपाल्याच्या अर्काच्या मलमाने जखम लवकर भरते का. विस्टार जातीचे ३० रॅट, सहा-सहाचे ५ गट. पाठीवरचे केस काढून कातडीचा गोल तुकडा कापायचा आणि जखम कशी आक्रसते ते मोजत राहायचं. काम एप्रिल-मेमध्ये.

कॉलेजातून फोन आला, "काका, फार वाचत बसू नका, सहीपुरतंच यायचंय, नाश्ता आहे." असं कोणी म्हटलं की मी कागद दोनदा वाचतो, जुनी खोड.

माझ्या सहीला खरंच काही किंमत आहे का? की कोरम भरायला बोलावलंय? आणि ज्याला शास्त्र कळत नाही त्याने विचारायचं तरी काय? मुलीचं वर्ष वाया जावं अशी अजिबात इच्छा नाही.

मलमपट्टी

काका, तुमचं नाव कॉलेजने नाही, केंद्राच्या समितीने दिलंय, हे पहिलं डोक्यात ठेवा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या चौथ्या प्रकरणात प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद आहे, आणि १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत अशी नीती समिती बंधनकारक केली. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ, प्राणीगृहाचा प्रमुख, पशुवैद्य, बाहेरचा एक शास्त्रज्ञ, केंद्राचा प्रतिनिधी आणि तुम्ही. रॅट, माईस, ससे, गिनीपिग यांच्यावरच्या कामाला हीच समिती परवानगी देते. कुत्रा, माकड असे मोठे प्राणी असतील तर प्रस्ताव दिल्लीला जातो. म्हणजे या ३० रॅटांसाठी तुमच्या टेबलाच्या वर दुसरं टेबल नाही.

कलम १७ नक्की वाचा. पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी भागत असेल तिथे प्रयोग टाळायचा, नुसता हात बसावा म्हणून करायचा नाही, शक्य तिथे भूल द्यायची, आधी आणि नंतर नीट सांभाळायचं, नोंदी ठेवायच्या. यातलं काहीही विचारायला फार्माकोलॉजीची पदवी लागत नाही.

झणझणीत_शेंगाचटणी

मला एक कळत नाही, हे हवंच कशाला? त्याच झाडाचे शंभर प्रबंध निघालेत. २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी आपल्याकडे बंद आहे. २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर पेशी वाढवून अवयवाची नक्कल) वगैरेंनाही दार उघडलं. आम्ही बी.फार्म.ला रॅट पाहिलाच नाही, सगळं संगणकावर. काका, सरळ नकार द्या!

आणि कायदा कायदा काय करता, कलम २० चा दंड पाहिलात का? दोनशे रुपये. पार्क चौकात पार्किंगची पावती त्याहून महाग फाटते.

गुरांचा_डॉक्टर

दंडाचं खरं आहे, लाज वाटावी असा आकडा आहे. पण कलम १९ मध्ये त्या संस्थेचे प्रयोगच थांबवायचा अधिकार आहे. कॉलेजला धास्ती असते ती त्याची.

सरळ नकार मात्र नको. जखम भरताना कातडी, रक्तवाहिन्या, संसर्ग सगळं एकत्र चालतं, ते बशीतल्या पेशींत पूर्ण दिसत नाही. पण 'हेच झाड आधी कोणी तपासलंय का' हा प्रश्न चोख आहे, तो विचारा.

मी अशा समित्यांवर बसलोय. काका, तुम्ही तीन गोष्टींवर ठाण मांडा. पहिली, संख्या. सहाच का, याला 'सगळे सहाच घेतात' हे उत्तर चालत नाही, हिशेब दाखवायला सांगा. दुसरी, वेदना. कापताना भूल कोणती ते लिहिलेलं असतं, कापल्यानंतरच्या दिवसांत वेदनाशामक काय हा रकाना बहुतेक वेळा पोकळ असतो. भूल म्हणून ईथर लिहिलं असेल तर का ते विचारा. त्याने श्वासनलिका चुरचुरते आणि ते भडकतंही. केटामाइन असेल तर ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, कपाट आणि नोंदवही बघायला मागा. शिवाय जखमेचे रॅट एकत्र ठेवले तर एकमेकांची जखम चाटतात, कुरतडतात, म्हणून वेगवेगळे पिंजरे लागतात. ३० पिंजरे आहेत का?

तिसरी गोष्ट तर सोलापूरकरालाच सुचेल. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्राणीगृहाचं तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा ताजी हवा. तुम्ही लिहिताय एप्रिल-मे!

होटगीरोडकर

डॉक्टरसाहेब, फार उपकार झाले. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि नेमकी दुपारीच वीज जाते, त्यामुळे तिसरा मुद्दा वाचून एकदम उजेड पडला.

होटगीरोडकर

बैठक झाली, कळवतो. आधी प्राणीगृह दाखवा म्हटलं. जरा कुजबुज झाली, पण केंद्राचे प्रतिनिधी माझ्या बाजूने उभे राहिले. खोली स्वच्छ होती, दोन एसी. जनरेटर आहे का विचारलं, तर आहे, पण तो ऑफिसच्या इमारतीला जोडलेला! तापमानाच्या वहीत रोज सकाळी दहाचा एकच आकडा, तोही सरळ २४, २४, २४. गिरणीतल्या स्टॉक रजिस्टरला असे एकसारखे आकडे दिसले की आम्ही गोदामात जायचो. म्हणून दुपारी तीनची नोंद दाखवा म्हटलं. नव्हती.

मुलगी हुशार निघाली. गट पाचाऐवजी चार चालतील हे तिनेच सांगितलं, एका मात्रेची माहिती आधीच्या कामातून मिळते म्हणे. म्हणजे २४ रॅट. वेदनाशामकाचं नाव आणि मात्रा भरून द्यायचं ठरलं. परवानगी अटीवर: जनरेटरची लाइन येईपर्यंत प्राणी आणायचे नाहीत, नाहीतर काम मृगानंतर. तिच्या सरांचं तोंड पडलं होतं, पण इतिवृत्तात अट माझ्यासमोर लिहून घेतली आणि मगच सही केली. नाश्ता चांगला होता.

एक राहिलंच. प्रयोगानंतर प्राण्यांचं काय, या रकान्यात 'नियमाप्रमाणे' एवढंच लिहिलंय. याचा अर्थ काय घ्यायचा?

गुरांचा_डॉक्टर

बहुतेक ठिकाणी अर्थ एकच असतो, मारणं. पुनर्वसनाची अपेक्षा आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, पण रॅटांच्या वाट्याला ती क्वचित येते. पद्धत, कोण करणार आणि त्याला प्रशिक्षण आहे का, हे तीनही लेखी मागा. इतिवृत्त अंतिम व्हायच्या आत मेल टाका, म्हणजे तेही अटीत जाईल.