आपल्या अंगाला शोभणारे कपडे: तुमचे अनुभव लिहा

लग्नसराई जवळ आली की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: "मला नाही शोभत असलं काही." बोलणारी वीस वर्षांची असो की साठची, सगळा दोष ती स्वतःच्या अंगावर ढकलून मोकळी होते. मला याचा मनापासून त्रास होतो. दोष बहुतेक वेळा कापात असतो. खांद्याची शिवण बोटभर खाली उतरलेली असते, मुंढा (बाही जिथे जोडतात ती जागा) मोठा असतो, कुर्त्याची लांबी भलत्याच ठिकाणी संपलेली असते.

माझे खांदे अरुंद आणि नितंब रुंद आहेत. छाती 34, हिप 42. रेडीमेड कुर्ता छातीच्या मापाने घेतला तर खाली अडकतो, हिपच्या मापाने घेतला तर खांद्यावरून ओघळतो. आता मी हिपला बसणारा घेते आणि खांदा, मुंढा नि छाती आत घेऊन आणते. साइडचे कट नितंबांच्या सर्वांत रुंद भागाच्या वर, कंबरेच्या चार-पाच बोटं खाली सुरू करायला सांगते. तिथून कट उघडला की कापड ताणलं जात नाही, कुर्ता सरळ खाली पडतो. बोटनेक (खांद्यापर्यंत रुंद, उथळ गळा) किंवा खांद्याजवळ थोडं भरतकाम असलं की वरचा भाग भरतो आणि खालचा आपोआप तोलला जातो.

तुम्ही काय करता? कोणता गळा, कोणती बाही, कोणतं कापड तुम्हाला खुलवतं? शिंप्याला नेमकं काय सांगता? पुरुषांनीही जरूर लिहावं.

सांगली, शिवणकाम करते

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी आधी एकच सांगते: ब्लाउजखाली जी ब्रा घालणार ती घालून माप द्यायला या. पट्टे सैल झालेली जुनी ब्रा घालून माप दिलं की टक्सचा, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीचा, पॉइंट खाली येतो, आणि नवी घातल्यावर तोच ब्लाउज पुढे चुरगळतो. माप देताना श्वास रोखून पोट आत ओढायचं नाही. दिवसभर तसं कोणी उभं राहत नाही.

छाती बेताची असेल तर चार टक्सचा साधा ब्लाउज छान बसतो. भरलेली असेल तर कटोरी किंवा प्रिन्सेस कट. कटोरीत छातीचा गोलावा वेगळ्या तुकड्यातून मिळतो, म्हणून कापड दाबून बसत नाही. प्रिन्सेस कटच्या उभ्या शिवणीमुळे अंग सडसडीत दिसतं, पण कापड फार पातळ असेल तर ती शिवण गोळा होते. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं.

बाहीचं म्हणाल तर दंडाचा जो भाग सर्वांत जाड, तिथे बाही संपवू नका. नजर तिथेच थांबते. कोपराच्या बोटभर वर किंवा थेट कोपरापर्यंत घ्या, दंड बारीक दिसतो. मागचा गळा खोल हवा असेल तर पुढचा थोडा वर ठेवा. दोन्ही खोल केले की खांदा उतरतो, मग दोरी कितीही घट्ट बांधा. आणि शिवणीत माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, सोडायला सांगा, दोन्ही बाजूंना किमान एक-एक इंच. अंग बदलतं, चांगला ब्लाउज कपाटात पडून राहू नये.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा शोभण्याआधी सोसण्याचा विचार करावा लागतो. माझं पोट पुढे आहे, पाय बारीक आहेत. कडक खळीची कॉटन साडी मला आवडायची, पण ती पोटावर तंबूसारखी उभी राहते. त्यापेक्षा वापरून मऊ झालेली कॉटन, मलमल किंवा मंगलगिरी अंगाबरोबर पडते. निऱ्या बेंबीच्या थोड्या डावीकडे खोचते, कमी आणि रुंद घेते, त्यामुळे पोटावर जाड गठ्ठा होत नाही. परकराचा नाडा काढून रुंद इलॅस्टिकचा पट्टा लावला, कंबरेवरचा करकोचा गेला. कुर्ता घेताना पोटावर जोड नसलेला, छातीखालून सरळ पडणारा घेते. खाली सिगारेट पँट, म्हणजे सरळ अरुंद पायांची, कारण पाय दिसले पाहिजेत.

पुणे, उंची 5 फूट 10

उंच बाईचा प्रश्न साडीच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत असतो. साधारण 44-45 इंच पन्ह्याची साडी मला घोट्याच्या वर येते, आणि थोडी टाच असलेली चप्पल घातली की अजूनच. विकत घेताना मी दुकानदाराला पन्हा मोजायला लावते. 47-48 इंच मिळाला तरच साडी पुढे. आईच्या जुन्या साड्यांना मात्र वरच्या, म्हणजे खोचायच्या बाजूला, त्याच रंगाची सुती पट्टी जोडली. ती परकरात जाते, कुणाला दिसत नाही आणि साडी पायांवर पडते. लक्ष्मी रोडवर कापड घेताना कुर्त्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा मीटर जास्त मागते. आडवे काठ, मोठी बुट्टी, दोन रंगांची जोडणी हे सगळं उंच अंगावर फार खुलतं. उंच मुलींना लहानपणापासून वाकून चालायची सवय लागते. मुलींनो, ताठ उभ्या राहा. मोठ्या काठाची इरकल नेसा.

एडिसन, न्यू जर्सी

इथे उलटा प्रश्न. मी पाच फूट. अमेरिकेत पेटीट या विभागातले कपडे साधारण 5 फूट 4 इंच आणि त्याहून कमी उंचीसाठी असतात, बारीक माणसांसाठी नव्हे. म्हणजे भरलेल्या अंगाच्या ठेंगण्या बाईलाही तिथलंच माप लागतं. फरक नुसत्या लांबीचा नाही. खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर, बाही, पँटचा कंबर ते मांडीसंध हा भाग, सगळंच आखूड कापलेलं असतं. साध्या विभागातली पँट खालून कापून घेतली तर गुडघ्याची जागा पोटरीवर येते आणि पायाचा सगळा आकार बिघडतो. ऑफिससाठी पँट आणि टॉप एकाच रंगाच्या जवळपास ठेवते, मध्ये आडवी रेघ पडत नाही. गणपतीला साडी नेसते तेव्हा बारीक काठाची, आणि पदर मोकळा न सोडता चापून पिन करते. रुंद काठ माझी अर्धी उंची खातो.

डोंबिवली

हे मी बऱ्याच दिवसांपासून लिहायचं म्हणत होते. माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, उजवी बाजू काढली आणि काखेतल्या ग्रंथीही काढल्या. घरातल्यांनी जीव लावून सांभाळलं, पण कपड्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं, आणि मला रोज सकाळी त्याच प्रश्नाला सामोरं जायचं होतं.

सुरुवातीला हात वर जात नाही. डोक्यातून घालायचं काहीही नको. पुढे हूक असलेला आपला नेहमीचा ब्लाउज आणि पुढून पूर्ण उघडणारे सुती कुर्ते यांनीच मला तारलं. जखम भरल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आधी हलकं सुती कृत्रिम स्तन वापरलं, नंतर सिलिकॉनचं. सिलिकॉनला वजन असतं, त्यामुळे दोन्ही बाजू तोलतात आणि खांदा एकीकडे झुकत नाही. पण ते जागेवर राहायला खिसा हवा. माझ्या शिवणाऱ्या ताईंना मी सगळं उघड सांगितलं. त्यांनी ब्लाउजच्या अस्तरातच आतून मऊ मलमलीचा खिसा शिवला, वरून तोंड उघडं. कृत्रिम स्तन आणि माझी ब्रा घेऊनच मी माप द्यायला जाते.

गळा उथळ ठेवते, कारण वाकल्यावर एका बाजूला पोकळी दिसते. बोटनेक किंवा छोटी उभी कॉलर मला फार छान दिसते, हे मला आजारपणाआधी कळलंच नव्हतं. ग्रंथी काढल्या की त्या हाताला सूज यायची शक्यता असते, म्हणून उजवी बाही डावीपेक्षा घेराने थोडी सैल, आणि काठाला घट्ट पायपिंग किंवा इलॅस्टिक अजिबात नाही. बांगड्याही डाव्या हातात. पदर एकावर एक चापून न घेता छातीवरून थोडा पसरून पिन करते, मग दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

भाचीच्या लग्नात जांभळी पैठणी नेसले होते. कुणाला काही कळलं की नाही याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. फोटो मात्र भरपूर काढले. कुणाला हवं असेल तर खिसा कसा शिवायचा ते मी सविस्तर सांगेन.

सांगलीहून पुन्हा

वरचं वाचून डोळे भरले. ताई, खिशाचं माप आणि कापायची पद्धत जरूर लिहा. माझ्याकडे येणाऱ्या दोघी-तिघींना याची गरज आहे आणि त्या बोलायला संकोचतात. मी त्यांना तुमचं लिहिलेलं दाखवीन.

कोल्हापूर, पुरुष, वय 52

पुरुषांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. पोट सुटलं की आम्ही पँट पोटाखाली उतरवतो आणि मोठ्या मापाचा शर्ट घेतो. दोन्हींनी माणूस आणखी रुंद दिसतो. महाद्वार रोडजवळच्या एका जुन्या शिंप्याने मला सांगितलं की शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आलीच पाहिजे, पोट पाहून शर्ट घ्यायचा नाही. आता शिवूनच घेतो: खांदा माझ्या मापाचा, पुढच्या भागात पोटासाठी घेर, आणि पाठीत दोन टक्स म्हणजे मागे कापड फुगत नाही. पँट बेंबीच्या जवळ, पुढे एक प्लेट, कापड थोडं वजनदार. बसताना आवळत नाही.

झब्बा घेताना लांबी गुडघ्याच्या किंचित वर. गुडघ्याखाली गेला की माझ्यासारखा साडेपाच फुटी माणूस आणखी ठेंगणा वाटतो. वर जाकीट घालायचं तर बटणं लावून बसून बघा. बटणांच्या मधल्या फटी उघडल्या तर माप चुकलंय. गडद जाकीट उघडं ठेवलं तरी समोर दोन उभ्या रेघा तयार होतात आणि पोट त्यात लपतं.

मडगाव

लग्नाच्या बजेटचा विषय कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात. प्रत्येक साडीला मॅचिंग ब्लाउज शिवणं मी बंद केलं. काळा, जुनं सोनं, मरून आणि पांढरट, असे चार ब्लाउज उत्तम कारागिराकडून, अंगाला अगदी बरोबर बसणारे शिवले, शिवाय एक खणाचा. साड्या बदलतात, हे पाच तेच राहतात. आमच्या दमट हवेत ब्लाउज घामाने लवकर खराब होतो, म्हणून काखेत आतून सुट्टे सुती पॅड लावून घेते. ते काढून धुता येतात. शिलाई महाग पडली तरी चालेल, पण एक ब्लाउज शिवून घालून बघा, हात वर करून, खाली वाकून, गाडीवर बसून. मगच बाकीचे शिवायला टाका.