रापलेला रंग पोरात उतरत नाही

वर एकांनी लिहिलंय की पिढ्यानपिढ्या उन्हात राबून माणसं काळी झाली आणि थंडीत राहून गोरी. ऐकायला पटतं, पण तसं नाही. माझा थोरला भाऊ इथं कोल्हापूरजवळच ऊस करतो. मनगटावरचं घड्याळ काढलं की खाली लख्ख पट्टा, बाकी हात तव्यासारखा. ते रापणं त्याच्यापाशीच राहतं. पोरात उतरतात ती जनुकं.

चिंपांझीच्या केसांखालची कातडी बरीचशी फिकट असते. आपल्या पूर्वजांचीही तशीच असावी. अंगावरचे केस गेले, आफ्रिकेचं ऊन थेट कातडीवर आलं, तेव्हा जास्त मेलॅनिनवाले, म्हणजे कातडी गडद करणारं रंगद्रव्य जास्त असलेले, टिकले. अतिनील किरणांनी फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व नासतं, आणि ते कमी पडलं तर गर्भाच्या मज्जारज्जूत व्यंग राहू शकतं. उत्तरेकडं अडचण उलटी. ऊनच कमी, त्यात कातडी गडद, मग ड जीवनसत्त्व पुरेसं बनेना. म्हणून तिथं उजळ कातडीवाले टिकत गेले. तरी हे झटपट झालं नाही बरं का. इंग्लंडच्या चेडरमधला सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा माणूस डीएनएवरून बहुधा गडद कातडीचा नि फिकट डोळ्यांचा निघाला!

एसएलसी२४ए५ या जनुकाचा उजळ करणारा प्रकार युरोपात जवळपास सगळ्यांत आहे, आपल्याकडंही भरपूर, आणि दोन्हीकडचा मूळचा एकच. अशी जनुकं बरीच. म्हणून एकाच आईच्या पोटी भाऊ गोरा, मी सावळा. आत्या मात्र स्थळाच्या कागदावर माझ्यापुढं 'गहूवर्ण'च लिहायला लावते.