‘तुमच्या देशात काय चालले आहे?’

प्रश्न (भुसावळ): आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आजोबांनी उभा जन्म इथल्या रेल्वेत काढला. घरात शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागतो आणि थंडीत वांग्याचे भरीतही होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल-गाझा युद्ध सुरू झाल्यापासून मात्र ओळखीचे लोकही शीर्षकातला प्रश्न विचारतात. काय उत्तर द्यावे?

उत्तर (जळगाव): आपले पूर्वज कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, पेणकर, रोहेकर ही आडनावेही तिथल्याच गावांची, एवढे सांगावे. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे बहुतेकांना ठाऊकच नसते.

उत्तर (धुळे): तिकडे इस्रायलमध्येही आपलेपण सहज मिळाले नाही. बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, तेव्हा आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. माझी आत्या तिथल्या लोद शहरात असते. तिची काळजी वाटते, पण म्हणून तिथल्या सरकारच्या प्रत्येक निर्णयाचा जाब मी का द्यावा? गाझातल्या मुलांसाठीही जीव तुटतोच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल वाणीदादांनी पुन्हा विचारले, तेव्हा आमच्या नवसाच्या गोड प्रसादाचे, मलिद्याचे, सामान मागत एवढेच म्हटले, ‘दादा, मलिद्यासाठी पोहे आणि नारळ द्या.’ त्यांनी गूळ आपणहून बांधला.